मायबोलीवरच्या कविता आणि भाषेची जपणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की शिक्षक, सूत्रसंचालक, पालक आणि नवे कवी यांचे प्रश्न सुरू होतात. बरेचसे दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही मुद्दाम दोन वाक्यांत उरकली आहेत.

महाराष्ट्राची गीतं आणि मराठीची गीतं एकच ना?

नाही, पण कार्यक्रमपत्रिकेत ती कायम एकाच रांगेत बसवलेली दिसतात. राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं. त्यात नद्या आहेत, सह्याद्री आहे, दिल्लीचं तख्त आहे. भाषा हा त्याचा विषय नाही. भाषेच्या कवितेत बोलण्याचाच विषय निघतो: ही बोली कोण बोलतं, कोण तिला हसतं, कोण तिच्यात लिहायला घाबरतं. दोन्ही प्रकार म्हणावेत, फक्त भाषेच्या दिवशी निदान एक तरी कविता भाषेवरची असावी.

ज्ञानेश्वरांची ओवी नेमकी कशी आहे? प्रत्येक फलकावर वेगळी दिसते.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती अशी आहे:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

‘माझ्या मराठीचे बोल’ असं आजच्या वळणाचं करून लिहू नका. आपले शुद्धलेखनाचे नियमही सांगतात की केशवसुतांच्या आधीची कविता छापताना मूळ रूपच ठेवावं.

पण रूपापेक्षा मोठी चूक अर्थाची होते. फलकावर पहिल्या दोन ओळी असतात, शेवटचा शब्द नसतो. आणि सगळा भार त्या ‘मेळवीन’वर आहे. मराठी अमृताला हरवते असं ज्ञानेश्वर इथे जाहीर करत नाहीत. अमृताशी पैज लावून जिंकतील अशी अक्षरं मी जुळवीन, असं ते कबूल करतात. हा अभिमान कमी आणि अंगावर घेतलेलं काम जास्त आहे. पुढच्याच ओव्यांत त्या कामाचा नमुना मिळतो: हे बोल ऐकायच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील, आणि एकाच शब्दावरून इंद्रियांची आपसांत भांडणं लागतील. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेसारखा ग्रंथ लोकांच्या बोलीत उतरवणाऱ्याला भाषेची जाहिरात करून भागणार नव्हतं, ती करून दाखवावी लागणार होती. मातृभाषेवर कविता लिहायला बसणाऱ्या कुणीही या ओव्या सलग वाचाव्यात. माझ्या मते या विषयावर मराठीत याहून चांगलं काही लिहिलं गेलेलं नाही.

संतांना मराठीची बाजू मांडावी तरी का लागली?

कारण धर्माचं आणि ज्ञानाचं लेखन संस्कृतातच व्हावं, असं मानणाऱ्यांचं वजन मोठं होतं. एकनाथांनी आपल्या भागवतात सरळ विचारलं: ‘संस्कृत वाणी देवें केली । प्राकृत काय चोरापासोनि झाली ।’ १५७३ मध्ये तो ग्रंथ पुरा झाला तो वाराणसीत, संस्कृत पंडितांच्या शहरात, हे लक्षात घेतलं की प्रश्नाची धार कळते. महानुभाव पंथात तर त्याआधीच नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवदेयाला अडवलं होतं. त्यांची हरकत साधी होती: अशाने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांनाच कळणार नसेल तर लिहिता कशाला? मराठीचा हा युक्तिवाद भावनेचा नाही, हक्काचा आहे.

मराठीची सर्वात गोड स्तुती एका इंग्रजाने केली, हे खरं आहे का?

सर्वात गोड कोणती यावर वाद घालता येईल, पण इंग्रजाने केली हे खरं. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथेच राहिले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघालं. ओवी छंदातल्या सुमारे ११ हजार ओव्या, विषय बायबलचा, घाट मात्र आपल्या पुराणांचा. त्यातली ही ओवी प्रसिद्ध आहे:

जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी ।
कि परिमळांमाजि कस्तुरी ।
तैसी भासांमाजि साजिरी ।
मराठिया ॥

ओवी गोड आहे, पण मला त्या पुस्तकाचं पुढचं आयुष्य जास्त बोलकं वाटतं. ते रोमन लिपीत छापलं गेलं. नंतर १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची प्रत सापडलेली नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. देवनागरीत ते छापलं गेलं १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. भाषेची स्तुती करणारी कविता स्वतः जगते कशी, याचा धडा हवा असेल तर तो त्या हस्तलिखितांत आहे.

‘मराठी असे आमुची मायबोली’ मधली ‘जरी आज ही राजभाषा नसे’ ही ओळ आता बदलावी का?

अजिबात नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो: मराठी आता राजभाषा आहे, मग ‘नसे’ कसं म्हणायचं? पण ही कविता लिहिणारे माधव ज्यूलियन १९३९ मध्ये गेले. तेव्हा देश पारतंत्र्यात होता आणि महाराष्ट्र राज्य व्हायला आणखी २१ वर्षं होती. राजभाषा अधिनियम आला १९६४ मध्ये. त्यांच्या ‘नसे’ला लागूनच ‘यशाची पुढे दिव्य आशा असे’ येतं. एक काढलं की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. शिवाय ‘लगागा लगागा’ अशी धावणारी ती चाल कुणाच्या दुरुस्तीने लंगडायलाच हवी असं नाही. जुनी तारीख असलेलं पत्र जसं आपण तारीख खोडून वाचत नाही, तशी ही ओळ वाचावी. हवं तर निवेदनात साल सांगा.

मातृभाषेच्या कवितेत फारसी, इंग्रजी शब्द आले तर ती अशुद्ध होते का?

हा वाद माधव ज्यूलियनांच्या एकट्याच्या आयुष्यातच पुरा झालेला आहे. ते फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोशाचे कर्ते आणि मराठीत गझल रुजवणारे कवी. सुरुवातीच्या कवितांत फारसी शब्द त्यांनी मोकळ्या हाताने वापरले. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांचं ‘भाषाशुद्धि-विवेक’ आलं. म्हणजे मायबोलीचा हा कट्टर कैवारी परक्या भाषेच्या दारातूनच मराठीकडे आला होता.

दुसरं उदाहरण सुरेश भटांचं. ‘लाभले आम्हास भाग्य बोलतो मराठी’ आज सर्वात जास्त गायलं जातं. कौशल इनामदारांनी २०१० मध्ये शेकडो गायकांना घेऊन त्याचं अभिमानगीत केलं. त्या कवितेच्या अखेरीला मराठी जे फोडते ते ‘मदांध तख्त’ आहे. मदांध संस्कृतातून आलेलं, तख्त फारसीतून, आणि दोन्ही मिळून अस्सल मराठी. आपल्या दोन सर्वांत पाठ असलेल्या भाषागीतांचे कर्ते मराठी गझलेतली दोन मोठी नावं असावीत, हा योगायोग शुद्धतेच्या आग्रहींनी थोडा वेळ मनात घोळवावा.

इंग्रजीचंही तेच. ‘टेबल’, ‘स्टेशन’ कवितेत आलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते वाक्याची घडण इंग्रजी होते तेव्हा, आणि ते शब्दांइतकं पटकन दिसत नाही.

२७ फेब्रुवारी, २१ फेब्रुवारी, १ मे, ३ ऑक्टोबर. कोणता दिवस कशाचा?

२१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १९५२ मध्ये ढाक्यात बांगला भाषेसाठी प्राण गेलेल्यांची आठवण त्यामागे आहे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. १ मे हा मराठी राजभाषा दिन. २७ तारखेला ‘राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ देऊ नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, म्हणून तोही दिवस आता पाळला जातो.

कुसुमाग्रजांची ‘माय मराठी मरते इकडे’ ही ओळ इंग्रजीविरोधी आहे का?

फक्त तेवढीच वाचली तर वाटेल. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला उद्देशून लिहिलेल्या कवितेतली ती ओळ आहे, आणि तिच्या आधी ते म्हणतात, ‘परभाषेतही व्हा पारंगत’. शिका, निष्णात व्हा. परकीचे पाय चेपायला बसू नका, एवढंच मागणं आहे. अर्धी ओळ पुढे पाठवायची सवय कवितेला जितकी मारते तितकी टीकाही मारत नाही.

खरं सांगा, कवितेने भाषा वाचते का?

एकट्या कवितेने नाही.

फ्रेदेरिक मिस्त्राल हे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांसाल भाषेचे कवी. १९०४ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. ते निव्वळ कवी नव्हते. त्यांनी भाषेचा मोठा कोश केला, आर्ल शहरातलं लोकजीवनाचं संग्रहालय उभं केलं आणि नोबेलच्या पैशातून ते वाढवलं. एखाद्या भाषेला एका माणसाकडून याहून जास्त काय मिळणार? पण शाळा फ्रेंच होत्या, घरची बोली वर्गात बोलली की मुलांना शिक्षा होत होती, आणि नोकरीही फ्रेंचमध्येच होती. आज प्रोव्हांसाल धोक्यातल्या भाषांत मोजली जाते.

उलट बाजूला हिब्रू. बियालिकसारखे कवी तिथेही होते, पण त्यांच्या जोडीला बेन-येहुदांसारखी माणसं होती, ज्यांनी आपल्या घरात लेकरांशी हिब्रूच बोलायचं असा हट्ट धरला, आणि हिब्रूत शिकवणाऱ्या शाळा होत्या. शतकानुशतकं मुख्यतः प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेली भाषा भांडणात, बाजारात, झोपेत बोलली जाऊ लागली.

तेव्हा हिशेब असा: घर, शाळा आणि पोट या तिघांनी साथ दिली तर कविता भाषेला वैभव देते. तिघांनी साथ सोडली तर कविता तिची नोंद ठेवते. नोंदही लहान गोष्ट नाही, पण तिला बचाव म्हणू नये. वर्षातून एकदा अभिमानगीत गाऊन मुलाशी घरी इंग्रजीत बोलणाऱ्या पालकाला कोणत्याच कवीची मदत होणार नाही.

बोलीत लिहिलेली कविता ‘खरी मराठी’ धरली जाते का? आणि लेखन कसं करायचं?

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, त्या म्हणत गेल्या ते मुलाने, म्हणजे कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं. आचार्य अत्र्यांनी ते पाहिलं आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकात आली. ‘मन वढाय वढाय’ खानदेशाबाहेरच्या कुणालाही शब्दकोश न उघडता भिडतं. भाषेची थोरवी गाण्याच्या नादी न लागता त्यांनी मन, संसार, पेरणी, सुगरणीचा खोपा यांवर गाणी केली, आणि त्या गाण्यांत एक अख्खी बोली टिकून राहिली.

लेखनाबद्दल इतकंच: जसं कानाला येतं तसं लिहा आणि एकदा जे ठरवाल ते शेवटपर्यंत पाळा. ‘व्हतं’ लिहिलंत तर तिसऱ्या कडव्यात ‘होतं’ नको. खाली अवघड शब्दांचे अर्थ द्या, कवितेच्या मध्ये कंसात नको. आणि बोली फक्त विनोदासाठी वापरू नका. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत, झाडीबोलीत लोक रडतातही.

माझी ‘माय मराठी’ कविता घोषणेसारखी वाटते. काय चुकतंय?

बहुधा त्यात अमृत, दूध, तुळस, शिवबा, ज्ञानोबा-तुकोबा, सह्याद्री आणि ‘अमर राहो’ हे सगळं हजर आहे. यातलं काहीही वाईट नाही, पण ते दुसऱ्यांनी कमावलेलं आहे. उसनं काढून टाका आणि काय उरतं ते बघा.

संतकवी दासोपंतांनी ‘गीतार्णवा’त हे कसं केलंय पाहा. संस्कृत ‘घट’ म्हणते, पण कुठला घट? मग ते आपल्याकडची भांडी मोजायला लागतात: डेरा, रांजण, सुगड... भाषा श्रीमंत आहे असं न म्हणता ते तिची मांडणीच उघडून दाखवतात. तुमच्याही घरात, तुमच्या धंद्यात असे शब्द असतील. सुताराच्या, कोळ्याच्या, शिंप्याच्या, पार्सल पोहोचवणाऱ्या पोराच्या तोंडचे शब्द अजून कवितेत पुरेसे आलेले नाहीत.

दुसरा उपाय जरा कठोर आहे. कवितेतला ‘मराठी’ हा शब्द झाका आणि तिथे ‘कन्नड’ किंवा ‘बांगला’ वाचा. कविता तशीच चालली तर ती अजून मराठीची झालेली नाही.

तिसरा उपाय मला सर्वात आवडतो: भाषेवर लिहूच नका. पावसावर लिहा, घटस्फोटावर लिहा, लोकलवर लिहा, आणि ते असं लिहा की दुसऱ्या भाषेत नेताना अनुवादकाला घाम फुटेल.

वृत्तात लिहिणं गरजेचं आहे का?

नाही. पण पाठ व्हावी, समूहाने म्हणता यावी असं वाटत असेल तर लय लागते. मुक्तछंद एकट्याने वाचायला बरा, प्रार्थनेच्या रांगेत तो फसतो.

आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. त्या जपायच्या कशा?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तो सर्वात कमी विचारला जातो.

आधी आजीची परवानगी घ्या, आणि त्या कुणाकुणाला ऐकवल्या तर चालतील हेही विचारा. काही ओव्या सासूबद्दलच्या असतात. मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण पुरतं, फक्त पंखा आणि टीव्ही बंद करा. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, गाणारीचं नाव, माहेर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली हे बोलून घ्या. कागदावर लिहिलेलं हरवतं, ध्वनिफितीतच असलेलं सोबत राहतं. माहेर विचारायचं कारण, ओव्या बऱ्याचदा माहेरहून सासरी आलेल्या असतात आणि बोलीही त्यांच्याबरोबर येते. ओवी सुचत नसेल तर बसून ‘म्हणा’ म्हणू नका. हाताला काही काम असलं की ती आपोआप निघते. उतरवून घेताना दुरुस्त करू नका. अर्थ लागला नाही तर आजीलाच विचारा, आणि तिनेही ‘ठाऊक नाही, अशीच म्हणतात’ असं सांगितलं तर तेही लिहून ठेवा. ध्वनिफीत दोन वेगळ्या ठिकाणी साठवा.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या अर्थ आणि आवाजासकट प्रसिद्ध होत आहेत. जातं गेलं तसं गाण्याचं निमित्तही गेलं, म्हणून घाई आहे.

कविता पूर्ण टाइप करून सगळीकडे टाकली तर चालेल का?

भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. ज्ञानेश्वर, एकनाथ, स्टीफन्स यांच्याबद्दल प्रश्नच नाही. माधव ज्यूलियनही केव्हाच मोकळे झाले. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत हक्क आहेत. सुरेश भटांचे २०६३ अखेरपर्यंत. कार्यक्रमात वाजवी उतारा वाचायला, किंवा शाळेत विद्यार्थी-शिक्षकांनी पालकांसमोर कविता सादर करायला कायद्याची आडकाठी नाही. अख्खा संग्रह टाइप करून वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. मोकळं झालेलं साहित्य मात्र जरूर टाइप करा. मराठी विकिस्रोतावर हात कमी आणि काम भरपूर आहे.

मराठी खरंच मरते आहे का?

२०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. देशात तिसरा क्रमांक. अशी भाषा एका पिढीत मरत नाही, मात्र तिची एकेक खोली बंद होऊ शकते: आधी उच्च शिक्षणाची, मग कार्यालयाची, मग शाळेची.

आणि महाराष्ट्रातल्या ज्यांची मायबोली मराठी नाही, त्यांचं काय?

‘माय मराठी’च्या कविता म्हणताना हे विसरलं जातं. गोंडी, कोरकू, कोलामी, भिली याही इथल्याच मायबोल्या. बुलढाण्याकडे बोलली जाणारी निहाली कुठल्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही आणि ती बोलणारे आता काही हजारच आहेत. एकनाथांनी संस्कृतला विचारलेला प्रश्न निहाली बोलणारं पोर मराठी शाळेत बसून आपल्याला विचारू शकतं. वाहरू सोनवणे यांनी भिली आणि मराठी दोन्हींत कविता लिहिली. भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’मध्ये आदिवासी बोलींचे शब्द मराठी कवितेत मान खाली न घालता येतात. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात यांच्यापैकी एक कविता ठेवा. वर्गात कुणाची घरची बोली वेगळी असेल तर त्याच्या आईकडून एक गाणं मागवा.

उद्याच कार्यक्रम आहे. निवेदनासाठी चार ओळी लगेच द्याल का?

ज्ञानेश्वरांची वर दिलेली ओवी घ्या, चारही चरण घ्या. ‘एका कवीने म्हटलंच आहे’ असं म्हणू नका, नाव घ्या. पैजां, जिंके, मेळवीन हे शब्द आज रात्री तीन-चारदा मोठ्याने म्हणून बघा.